उत्तरपत्रिका दाखवा

प्रति,
ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी एज्युकेशन आणि केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस अँड असेसमेंट
(आयईएल्टीएस परीक्षेच्या तिन्ही मालकांना एकत्रच)



तुम्ही तिघे मिळून इंग्रजीची जी परीक्षा चालवता तिच्या लेखनाच्या पेपरात दुसरा प्रश्न निबंधाचा असतो. किमान २५० शब्द, वेळ साधारण ४० मिनिटं. या निबंधाबद्दल माझी एक मागणी आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र पुढं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ज्यानं निबंध लिहिला त्याला तो तपासून झाल्यावर बघायला मिळावा, आणि कोणत्या निकषावर किती गुण पडले ते निकालपत्रावर छापून यावं. एवढंच. परीक्षा सोपी करा असं मी म्हणत नाही. वेळ वाढवून द्या असंही म्हणत नाही. फी कमी करा असं म्हणायचा मोह होतो, पण तो आज आवरतो.

पत्र मराठीत लिहितोय कारण तुम्हाला मराठी येत नसली तरी फी भरणाऱ्यांना येते. भारतातला आयईएल्टीएसचा सगळा कारभार २०२१ पासून एकट्या आयडीपीकडे आहे. ब्रिटिश कौन्सिलनं इथला आपला हिस्सा त्यांना १३ कोटी पौंडांना विकला. नुसती परीक्षा घेण्याच्या हक्काला एवढी किंमत येते तेव्हा त्यात सांगली-लातूर-जळगावच्या आईबापांच्या खिशातून पुढं येणारे पैसेही धरलेले असतात. एका परीक्षेचे आज सतरा-अठरा हजार रुपये होतात. त्यातून एखादा दुभाष्या नेमायला हरकत नसावी.

मी मिरजेत इंग्रजी शिकवतो. मिरज हे सतारींचं आणि दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. नर्सिंग शिकून बाहेर पडणाऱ्या मुली गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात ब्रिटन, आयर्लंड नाही तर ऑस्ट्रेलिया असतं. वॉर्डातलं काम त्यांना येतं, बोलायचं इंग्रजीही सरावानं जमतं. अडतं ते लेखनात. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषणात नऊपैकी ७ बँड, म्हणजे सातवी पायरी, लागते. लेखनातही पूर्वी ७ च लागायचे. २०१८ च्या अखेरीस कौन्सिलनं लेखनाची अट साडेसहावर आणली आणि बाकी तिन्ही जिथल्या तिथं ठेवल्या. गाडी कुठं अडत होती ते यावरून कुणालाही कळावं.

आता एक निबंध जवळून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात एक सिस्टर माझ्याकडे सरावाला येत होती. सांगलीतल्या एका क्लासची फी भरून झालेली, नोट्सची फाइल हातात, परीक्षा तोंडावर. मी लॅपटॉप पुढं ठेवला, मोबाइलवर ४० मिनिटं लावली आणि विषय दिला: सरकारनं आजार झाल्यावरच्या उपचारांपेक्षा आजार होऊच नयेत यावर जास्त पैसा खर्च करावा, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? तुमच्या परीक्षेत अशा धाटणीचे प्रश्न नेहमी येतात.

पहिली पाच-सहा मिनिटं पडदा कोराच होता. मग एकदम ‘इन धिस मॉडर्न इरा’नं सुरुवात झाली. ही सुरुवात मला पाठ आहे; क्लास कुठलाही असो, पर्यावरणावरचा निबंध असो की मोबाइलवरचा, दार हेच. पण दुसऱ्या परिच्छेदात पोरीनं चांगलंच लिहिलं. मधुमेहाचे पेशंट आमच्याकडे पायाची जखम काळी पडल्यावर येतात. वर्षभर साखर तपासलेली नसते. गावाजवळ वेळेवर तपासणी झाली असती तर बोटं वाचली असती. आता ऑपरेशन, मग महिनाभर ड्रेसिंग, आणि घरातलं कमावतं माणूस बसून. ‘द’ आणि ‘अ’च्या दोन चुका होत्या, एके ठिकाणी काळ घसरला होता, पण मत स्वच्छ होतं आणि मताला आधार होता. वाचताना पेशंट डोळ्यांसमोर येत होता.

आणि मग तिनं तो अख्खा परिच्छेद निवडून पुसून टाकला. त्या जागी लिहिलं की अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या सर्वेक्षणानुसार ७० टक्के आजार टाळता येण्याजोगे असतात. त्यानंतर ‘मोरओव्हर’. त्यानंतर ‘प्लेथोरा ऑफ बेनिफिट्स’. शेवटी ‘इन अ नटशेल’.

“कुठलं विद्यापीठ?” मी विचारलं.

“सर, असं कुठलंच नाही. आकडा टाकला की मार्क वाढतात, असं क्लासमध्ये सांगितलंय. खरं-खोटं कोण बघतंय?”

तिच्या या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. तुमचा परीक्षक इंग्रजी तपासतो, आकडे तपासत नाही, आणि त्यानं ते तपासावेत अशी माझीही अपेक्षा नाही. पण हातात अनुभव असलेल्या बाईनं तो पुसून थाप लिहावी, तेही थाप जास्त सुरक्षित वाटते म्हणून, याचा मला भयंकर राग आला. क्लासवाल्याचा आलाच. त्याहून जास्त तुमचा आला. का ते सांगतो.

तुमचे निकष काही गुप्त नाहीत. चार आहेत: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक पायरीचं वर्णन तुम्हीच जाहीर केलेलं आहे आणि मी ते मुलांसमोर वाचतो. उत्तम दस्तऐवज आहे, मनापासून सांगतो. त्यात लिहिलंय की वरच्या पायरीवरच्या लेखनात जोडशब्द वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत; खालच्या पायऱ्यांवर ते यांत्रिक होतात किंवा नको तितके येतात. पाठ केलेल्या ठोकळ्यांचा उल्लेख खालच्या पायरीच्या वर्णनात आहे. संपूर्ण उत्तर पाठ केलेलं आहे असा पुरावा मिळाला तर थेट शून्य. म्हणजे कागदावर तुम्ही क्लासच्या त्या फाइलच्या अगदी विरुद्ध बाजूला उभे आहात. मग फाइल खपते कशी?

खपते, कारण तिला खोटं पाडणारी एकमेव वस्तू तुमच्या कपाटात बंद आहे. त्या वॉर्डातल्या परिच्छेदाला सर्वेक्षणाच्या थापेपेक्षा जास्त बँड पडला असता असं माझं ठाम मत आहे. पण ते मतच. क्लासवाल्याचं मत उलट आहे. त्याच्याकडे पोस्टर आहे, त्यावर ८ बँड मिळवलेल्या पोराचा फोटो आहे, आणि माझ्याकडे तुमचं निकषपत्रक आहे. अठरा हजार पणाला लावलेल्या मुलीला पोस्टर जास्त खरं वाटलं तर तिचं काय चुकलं? या वादाचा निकाल लावणारा पुरावा तपासलेल्या उत्तरपत्रिकेत असतो आणि ती आम्हा दोघांनाही कधीच दिसत नाही.

निकाल म्हणून हातात काय येतं, तर ‘रायटिंग: ६.०’. परीक्षकानं पहिल्या, म्हणजे आलेखाच्या वर्णनाच्या, प्रश्नाला चार निकषांवर चार आकडे दिलेले असतात, दुसऱ्याला चार. दुसऱ्या प्रश्नाचं वजन दुप्पट धरून त्यांचा एक आकडा होतो. आठ आकडे तुमच्याकडे तयार असतात आणि तुम्ही त्यातून शिजवलेला एकच बाहेर पाठवता. आलेखाचं वर्णन फसलं की निबंध? मत धूसर होतं की ‘द’ चुकले? कळायला मार्ग नाही. उद्या मिरजेतल्या एखाद्या लॅबनं रक्त घेऊन रिपोर्टवर नुसतं ‘साडेसहा’ लिहून दिलं, साखर किती आणि हिमोग्लोबिन किती ते विचारू नका, वाटल्यास पुन्हा रक्त द्या, पैसे मात्र पुन्हा पडतील, असं सांगितलं, तर त्या लॅबपुढं लोक काय करतील ते तुम्हाला इथं येऊन बघता येईल.

तुम्ही म्हणाल, फेरतपासणीची सोय आहे की. आहे. परीक्षेनंतर सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, पैसे भरायचे, बँड बदलला तर पैसे परत. रीत म्हणून चांगली आहे. पण अर्ज करावा की करू नये हे ठरवायचं कशाच्या जोरावर? आपण काय लिहिलं ते घामेजल्या आठवणीतून, आणि शेजारच्या मुलीला किती मिळाले त्यावरून. आणि फेरतपासणीतून परत येतो तोही एक आकडाच. एका कौशल्याचीच परीक्षा साठ दिवसांत पुन्हा देण्याची नवी सोय तुम्ही काढलीत, तिचंही मी मनापासून स्वागत केलं होतं. तीन विषय चांगले सुटलेल्या मुलीला चारही पुन्हा द्यावे लागत नाहीत. पण लेखन पुन्हा द्यायचं म्हणजे काय सुधारायचं हे माहीत हवं. ते माहीत नसल्यामुळे मुली काय करतात? आणखी एक क्लास लावतात, आणखी एक फाइल पाठ करतात. तुम्ही ज्याला खालची पायरी म्हणता तीच आणखी पक्की करून घेतात.

वेळेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ‘चाळीस मिनिटांत कुणी विचार करतं का’ असं म्हणणारे बरेच भेटतात, त्यात प्राध्यापकही असतात. रात्रपाळी संपताना सकाळच्या सिस्टरला बारा पेशंटचा हँडओव्हर लिहून देणारी बाई घड्याळाकडे बघतच लिहिते. तिला घड्याळाची भीती आमच्याइतकी नसते. केंब्रिजनं १९१३ मध्ये इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली तेव्हा निबंधाला दोन तास होते. परीक्षेला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. तेव्हा वेळेचा आणि यशाचा संबंध फार ताणू नये. नर्सेससाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षाही आहे. तिच्या लेखनात पेशंटच्या नोंदींवरून डिस्चार्जचं किंवा रेफरलचं पत्र लिहायचं असतं, ४५ मिनिटांत, साधारण २०० शब्दांचं. वेळ तिथंही मोजूनच देतात, पण काम रोजचं असतं. मग सगळ्या मुली तीच का देत नाहीत? फी जवळजवळ दुप्पट पडते म्हणून.

दोष सगळा तुमच्याच पदरात टाकणं बरोबर नाही. निबंध म्हणजे सजावट हे आम्ही मुलांना तुमच्याकडे पाठवण्याआधीच शिकवलेलं असतं. दहावीपर्यंत मराठीच्या पेपरात फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर. सुरुवातीला एखादं सुभाषित, शेवटी एखादा सुविचार, मध्ये जमतील तेवढ्या म्हणी. वैचारिक निबंध म्हणून जो असतो त्यातही फायदे चार, तोटे चार, आणि ‘विज्ञानाचा वापर माणसानं विवेकानं करावा’. तुझं स्वतःचं मत काय आणि ते का, हे पोराला दहा वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवतो आम्ही, पण इंग्रजी निबंधही गाइडातूनच उतरतो. असा विद्यार्थी तुमच्या प्रश्नासमोर बसतो आणि तुम्ही त्याला विचारता, कितपत सहमत आहेस? तो दोन्ही बाजूंना हात जोडून मोकळा होतो. त्याला सहा बँड देणाऱ्या परीक्षकाशी माझं भांडण नाही. बऱ्याचदा मी पाचच दिले असते.

पण याच आमच्या परीक्षा मंडळाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बारावीच्या निकालानंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला काहीशे रुपये भरून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. म्हणजे आधी बघ, मग भांड. मुलगा कॉलेजात ती प्रत घेऊन येतो, आम्ही दोघं बसून बघतो, आणि बहुतेक वेळा त्याचं त्यालाच कळतं की गुण बरोबर दिलेत. ‘सर, हे मी लिहिलंय?’ असं विचारणारा चेहरा मी बघितलाय. त्या एका बैठकीत होतं तेवढं शिकवणं वर्षभराच्या तासांत होत नाही.

ही मंडळाची मेहरबानी नव्हे. सीबीएसईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या ऑगस्टमध्ये निकाल दिला की परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क आहे. परीक्षा मंडळांनी तेव्हा हेच सांगितलं होतं की असं केलं तर व्यवस्था कोसळेल. कोसळली नाही. तुम्ही परदेशी, तेव्हा हा कायदा तुमच्या दारापर्यंत पोचत नाही हे मला माहीत आहे. कायद्यानं पोचत नाही म्हणूनच तर पत्र लिहायची वेळ आली.

तुमचं खरं उत्तर काय असेल याचा अंदाज आहे: प्रश्नपत्रिकांची गोपनीयता. प्रश्न पुन्हा वापरले जातात, उत्तरपत्रिका बाहेर पडली तर प्रश्नही बाहेर पडेल. मुद्दा खोटा नाही, म्हणून नीट उत्तर देतो. एक तर, परीक्षा सकाळी झाली तर संध्याकाळपर्यंत तो प्रश्न इथल्या प्रत्येक क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. मुलं आठवून सांगतात, क्लासवाले उतरवून घेतात. गोपनीयता राहते ती फक्त उत्तराची आणि गुणांची. दुसरं, उत्तरपत्रिका घरी द्या असं मी म्हणतच नाही. केंद्रावर बोलवा, मोबाइल बाहेर ठेवायला सांगा, वीस मिनिटं पडद्यावर दाखवा, परीक्षेनंतर दोन महिन्यांनी दाखवा. आणि तेही जड जात असेल तर निदान ते आठ आकडे द्या. आकड्यांतून कुठला प्रश्न फुटतो?

परीक्षकाचा अभिप्राय लिहिणं तुम्हाला जमत नाही असंही नाही. केंब्रिज दरवर्षी सरावाच्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक काढतं. त्याच्या मागच्या पानांवर खऱ्या परीक्षार्थीनं लिहिलेला नमुना असतो, त्याला किती बँड पडला ते असतं, आणि का पडला हे परीक्षकानं परिच्छेदभर समजावलेलं असतं. मी शिकवायला शिकलो ते त्या पानांवरून. आयईएल्टीएस प्रोग्रेस चेक नावाची तुमचीच सराव चाचणी आहे. तिचे वेगळे पैसे भरले की लेखनात कुठं कमी पडलात याचा अहवाल मिळतो. म्हणजे खोट्या परीक्षेचा खरा अहवाल विकत मिळतो आणि खऱ्या परीक्षेचा कुठल्याच किमतीला मिळत नाही. हे कुणी, कुठल्या बैठकीत, काय विचार करून ठरवलं असेल याचं मला कुतूहल आहे.

दुसऱ्यांनी काय केलं तेही बघा. अमेरिकेत २००५ मध्ये एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत २५ मिनिटांचा निबंध आला. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं जाहीर केलेले तपासलेले नमुने घेतले आणि बसून मोजले. दिसलं असं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त; इतिहासातल्या ढळढळीत चुकांनी काही बिघडत नव्हतं. गदारोळ झाला. २०१६ मध्ये त्या निबंधाचं स्वरूप बदललं: दिलेला उतारा वाचून त्याचं विश्लेषण करायचं, आणि वाचन, विश्लेषण, लेखन यांचे तीन वेगळे गुण. २०२१ मध्ये तो निबंध बंदच झाला. तो वाईट होता की चांगला हा वाद अजून घालता येईल. पण घालता येतो तो निबंध लोकांसमोर होते म्हणून. पेरेलमन यांच्या जागी तुमच्या परीक्षेबद्दल तेच मोजणारा माणूस उभा राहिला तर त्याच्या हातात काय पडेल? तुम्हीच निवडून पुस्तकात छापलेले नमुने.

जीआरई या प्रवेशपरीक्षेचा निबंध ज्या विद्यापीठांना गुण पाठवले जातात त्यांना वाचता येतो. डुओलिंगोची इंग्रजीची परीक्षा निकालासोबत परीक्षार्थीच्या लेखनाचा नमुनाच विद्यापीठाला पाठवते. डुओलिंगोबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण या एका बाबतीत ते तुमच्यापुढं आहेत हे कबूल करावं लागतं. लिड्सला किंवा मेलबर्नला प्रवेश देणारा माणूस मुलीचा बँड बघतो, तिचं एक वाक्यही बघत नाही. साडेसहा आणि सहा यांच्यामधल्या अर्ध्या पायरीवर त्यालाही आंधळा विश्वास ठेवावा लागतो.

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात तांत्रिक बिघाडामुळे काही परीक्षार्थींना चुकीचे निकाल गेले, हे तुम्हीच जाहीर केलंत. प्रमाण थोडं होतं, मान्य, आणि लपवून ठेवलं नाहीत हेही मान्य. पण तो बिघाड होता श्रवण आणि वाचन या विभागांत, जिथं उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक. तिथं दोन वर्षं चूक राहू शकते, तर जिथं एक माणूस दुसऱ्या माणसाचा निबंध वाचून मत बनवतो तिथं ती होतच नाही असं आम्ही कशावरून मानायचं? परीक्षक प्रामाणिक आहेत याबद्दल मला शंका नाही. मी स्वतः बोर्डाचे पेपर तपासले आहेत. जेवणाच्या सुट्टीआधीचा गठ्ठा आणि नंतरचा गठ्ठा यांत फरक पडतो हे कुठलाही तपासणारा शपथेवर सांगेल, फक्त कॅन्टीनमध्ये विचारा.

हे पत्र तुमच्याबरोबर आणखी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. महाराष्ट्र सरकार राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना जगातल्या पहिल्या २०० विद्यापीठांत पाठवतं. त्यातली कित्येक मुलं मराठी शाळेतून आलेली, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेली असतात, आणि प्रवेशाच्या कागदांत त्यांच्यापुढंही बहुधा हाच बँड उभा असतो. सामाजिक न्याय विभागानं आणि आमच्या विद्यापीठांनी तुमच्याकडे ही मागणी लेखी करावी असं माझं म्हणणं आहे. एकट्या मास्तरचं पत्र टोपलीत जाऊ शकतं, सरकारी लेटरहेडला निदान पोच द्यावी लागते.

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुलींना मी आता एकच गोष्ट सांगतो: जे वॉर्डात बघितलं तेच लिहा, साध्या वाक्यांत लिहा, आणि पहिल्या परिच्छेदात आपलं मत सांगून टाका. त्या ऐकतात, मान डोलावतात आणि विचारतात, “सर, पण खात्री आहे का?” खात्री देणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. उत्तरपत्रिका दाखवायला वर्ष-दोन वर्षं लागणार असतील तर लागू द्या. नियम करा, केंद्रांना शिकवा, फी ठरवा. ते आठ आकडे मात्र पुढच्या निकालापासून छापता येतील. ते आजही तुमच्या संगणकात आहेत, निकालपत्रावर त्यांना जागा तेवढी करून द्यायची आहे.

उत्तराची वाट पाहतो. इंग्रजीत दिलंत तरी चालेल. वेळेची आणि शब्दांची मर्यादा नाही.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक
मिरज, जि. सांगली